सेवेतल्या जवानाला पोलीस चारचौघांत अटक करू शकतात का?

हो, पण कशासाठी ते महत्त्वाचं. कर्तव्य बजावताना केलेल्या कृतीबद्दल केंद्र सरकारच्या संमतीशिवाय जवानाला अटक होत नाही. हे संरक्षण आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४५ मध्ये होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४२ मध्ये आहे. सुट्टीवर असताना केलेल्या मारामारीला ते लागू नाही, वर्दी अंगावर असली तरीही.

मात्र अटक पोलिसांनी केली म्हणजे खटलाही फौजदारी कोर्टाच्याच हाती राहील असं नाही. लष्करी कायदा, १९५० च्या कलम १२५ नुसार फौजदारी कोर्ट आणि कोर्ट मार्शल (लष्कराचं स्वतःचं न्यायालय) अशा दोन्हीकडे चालू शकणारा खटला कोर्ट मार्शलकडे घ्यायचा का, हे आधी वरिष्ठ लष्करी अधिकारी ठरवतो. नागरिकाचा खून किंवा बलात्कार असेल तर खटला सहसा फौजदारी न्यायालयातच चालतो.

लष्करातून पळून गेलेल्या जवानाला मात्र पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात.

बाजारात बेड्या घालून फिरवणं मला साफ चुकीचं वाटतं. आरोप सिद्ध व्हायच्या आधीच त्या माणसाची आणि त्याच्या घरच्यांची अब्रू जाते. शिस्त लावायला युनिटला कळवून शांतपणे ताब्यात घेणं पुरतं.