‘इकडून पत्र नाही’ म्हणजे नेमके कुणाकडून?

प्रश्न असा: दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर असलेल्या नवऱ्याला बायको घरून लिहिते, ‘इकडील सर्व क्षेम, तिकडील कळवावे.’ चार ओळींनंतर तीच लिहिते, ‘इकडून बरेच दिवस पत्र नाही. इकडून येणे कधी होणार?’ ती तर घरीच आहे. मग हे ‘इकडून’ चुकून पडले का?

चूक अजिबात नाही. पहिले ‘इकडील’ जागेचे, नंतरचे ‘इकडून’ माणसाचे. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही आणि ‘तुम्ही’ म्हणायचाही संकोच, अशा घरांत बायको नवऱ्याला ‘इकडून’ म्हणे. चारचौघांत त्याच्याविषयी बोलताना तो ‘इकडची स्वारी’. शेजारणीचा नवरा मात्र ‘तिकडची स्वारी’. म्हणजे आपला माणूस समुद्रापलीकडे असला तरी ‘इकडे’च! घरात सगळ्यांसमोर लिहिल्या-वाचल्या जाणाऱ्या पत्रात ‘प्रिय’ लिहायची सोय नव्हती. तिथे सगळी माया या एका शब्दात उतरलेली दिसते.

ओळखायचे कसे? क्रियापद पाहा. माणसाच्या ‘इकडून’पुढे बहुधा धातूला ‘-णे’ लागून ‘होणे’ येते: इकडून लिहिणे झाले, इकडून सांगणे झाले होते, इकडून येणे व्हावे. जागेच्या ‘इकडील’पुढे क्षेम, पाऊस, पीकपाणी येते. ‘इकडून पत्र नाही’ यात क्रियापदाचा आधार नाही, म्हणून घोळ होतो. तिथे पुढचे वाक्य वाचूनच ठरवावे.

ही रीत मुख्यतः पांढरपेशा घरांतली. मराठा पलटणींत भरती झालेल्या साताऱ्या-रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांत नवरा ‘धनी’ किंवा ‘कारभारी’ असे. शिवाय तिथले पत्र पुष्कळदा मास्तर किंवा गावातला दुसरा कुणी लिहिता माणूस लिहून देई. त्यामुळे अशा पत्रात ‘इकडून’ दिसले तर ते बाईचे की लेखनिकाच्या घरचे, हे आधी तपासावे.

‘स्वारी’कडेही लक्ष असू द्या. पेशवाईतल्या कागदांत ‘स्वारी’ म्हणजे मोहीमही आणि लवाजम्यासह निघालेली व्यक्तीही. बायकोच्या तोंडची ‘इकडची स्वारी’ मात्र नवराच.

सेन्सॉरमुळे शिपायाला ठिकाण लिहिता येत नसे. पत्ता पलटणीचा आणि फील्ड पोस्टाचा, म्हणजे लष्करी टपालाचा. साहजिकच घरच्या पत्रात त्या मुलखाला नुसते ‘तिकडे’ म्हटलेले आढळते. म्हणून अशी पत्रे टंकताना ‘इकडून’ सुधारून ‘तिकडून’ करू नका. तेवढ्या एका अक्षराने नवऱ्याची हाक जाते आणि उरतो फक्त मुलूख. मूळ शब्द तसाच ठेवून खाली टीप द्यावी.