ऑफिस खराडीत, राहणारा एकटा: पुण्यात घर कुठे बघावं?

कोथरूड राहायला छानच, पण ऑफिस खराडीत असेल तर तो मोह टाळा. कोथरूडच्या वनाझ स्टेशनहून मेट्रो रामवाडीपर्यंत येते खरी, पुढे मात्र रिक्षा किंवा बस शोधावी लागते. आधी विमाननगर, वडगाव शेरी आणि चंदननगर बघा. विमाननगर महाग, पण रात्री दहानंतरही जेवण मिळतं. एकट्याला ही मोठी सोय आहे.

जागा बघायला रविवारी नको, सोमवारी सकाळी नऊला जा. नगर रस्त्याची कोंडी तेव्हाच कळते.

पाण्याचं वॉचमनलाच विचारा: "मे महिन्यात रोज किती टँकर येतात?" टँकरचे पैसे कोण भरणार हे करारात लिहून घ्या.

टोकन देण्याआधी सोसायटीच्या ऑफिसात 'बॅचलर चालतो का' हे स्वतः विचारा. मालक हो म्हणतो, एजंटही मान डोलावतो, आणि सामानाचा टेम्पो गेटवर अडवला जातो. हे फार होतं.

करार शक्यतो ११ महिन्यांचा, पण नोंदणी केलेलाच. नुसत्या नोटरीवर भागवू नका. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकाची आहे. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे नोंदवून पोच जपून ठेवा.

घाई असेल तर पहिला महिना पीजीत काढा.