निवडून येण्याची आशा नसताना साधी माणसे नवा डावा पक्ष उभारायला का जातात?

आपण विचारले आहे की, ज्या पक्षाची अनामत रक्कमही वाचणार नाही हे सर्वांना दिसत असते, असा नवा डावा पक्ष काढण्यासाठी नोकरी-संसार सांभाळणारी माणसे आपल्या संध्याकाळी आणि रविवार का घालवतात. आणि आपला धाकटा भाऊ त्यात पडला असल्यामुळे हा प्रश्न आपल्या घरातला झाला आहे. मी इंदूरची, विमा कार्यालयातून निवृत्त झालेली, आणि अशाच एका प्रयत्नात सुमारे दोन वर्षे होते. तो पक्ष अखेरपर्यंत नोंदला गेलाच नाही, म्हणून त्याचे नाव सांगण्यात अर्थ नाही.

बाहेरून पाहणाऱ्यांना वाटते की ही माणसे पुस्तके वाचून, विचारसरणी पटवून घेऊन येतात. तसे येणारे थोडे असतात. आमच्या बैठकींना येणाऱ्या तीसेक जणांपैकी जाहीरनाम्याचा मसुदा पूर्ण वाचलेले पाच-सहाच असावेत, आणि त्यांतल्या दोघांनी तो लिहिलेला होता. बहुतेकांना तिथे आणले होते एका प्रश्नाने, आणि तो प्रश्न त्यांना दुसऱ्या कोणीतरी विचारलेला होता. मला तो कोणी विचारला, ते सांगते.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी मूळच्या रावेरकडच्या. नाल्याकाठच्या ज्या वस्तीत त्या राहत, त्या वस्तीला जागा खाली करण्याची नोटीस आली, तेव्हा आम्ही काही जण अर्ज लिहून देणे, वकील गाठणे, रेशनकार्डांच्या आणि वीजबिलांच्या प्रती जमवणे अशी कामे करत होतो. दोन महिन्यांच्या धावपळीनंतर मुदतवाढ मिळाली. पुढे चार महिन्यांनी निवडणूक आली आणि एका सकाळी कणीक मळता मळता मावशींनी विचारले, "ताई, आता मत कोनाला टाकायचं ते बी सांगून टाका." आमच्या संघटनेचा नियम असा की आपण पक्षीय राजकारणापासून अलिप्त राहायचे. म्हणून मी ठरलेले उत्तर दिले, की ज्याने त्याने आपल्या विवेकाने मत द्यावे. मावशींचा हात परातीत तसाच थांबला. "हा विवेक कोन? आपल्या वार्डात उभा हाये का?"

मी हसले, त्याही हसल्या. हा विनोद नव्हता हे मला संध्याकाळी कळले. वर्षभर या बाईला मी सांगत आले होते की घर हा तिचा हक्क आहे, एकटीने भांडू नये, सर्वांनी मिळून भांडावे; आणि सर्वांनी मिळून एकाच दिवशी करण्याची जी एक गोष्ट या देशात आहे, तिच्याविषयी मात्र माझ्याकडे काही सांगण्यासारखे नव्हते. वस्तीने त्या वर्षीही नेहमीसारखेच मतदान केले, म्हणजे ज्याच्या माणसांनी आदल्या रात्री फेरी मारली त्याला, आणि निकालानंतर आम्ही पुढच्या मुदतवाढीचे निवेदन घेऊन त्याच्याच दारात उभे राहिलो. आंदोलनात वर्षानुवर्षे असलेल्या माणसाला ही अवस्था फार जवळून माहीत असते. पाच वर्षांतले साडेचार वर्षे तो लोकांच्या पुढे चालतो आणि उरलेले सहा महिने कुठे तोंड लपवावे हे त्याला कळत नाही. माझ्या मते बहुतेक साधे कार्यकर्ते नव्या पक्षाच्या खटपटीत पडतात ते या लाजेपोटी. सत्तेची स्वप्ने असतात, पण ती फार मागून येतात, आणि काहींना तर येतच नाहीत.

इंदूरला 2024 च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसच्या उमेदवाराने ऐनवेळी अर्ज मागे घेतला आणि 13 मे रोजी 2,18,674 मतदारांनी 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण दाबले. ते सारे डावे होते असे कोणी म्हणणार नाही; काँग्रेसनेच तसे आवाहन केले होते. तरी भाजपच्या विजयी उमेदवाराखालोखाल सर्वाधिक मते याच बटणाला पडली. एवढी माणसे उन्हात रांगेत उभी राहून 'कोणीही नाही' असे सांगून परत येतात, हे पाहिल्यावर मावशींचा प्रश्न त्यांच्या एकट्यांचा नव्हता याची मला खात्री पटली.

आता आपण म्हणाल, की डावे पक्ष तर आधीपासून आहेत, मग नवा कशासाठी? याचे उत्तर निदान इंदूरपुरते गिरण्यांत आहे, म्हणून त्यावर थोडे थांबते. होमी दाजी 1962 साली याच शहरातून लोकसभेवर निवडून गेले होते. नावाला अपक्ष, पण कम्युनिस्ट म्हणून सर्वांना ठाऊक असलेले. माझे वडील एका गिरणीत हजेरी-कारकून होते. भोंगा झाला की पाळी सुटे, फाटकातून हजार-दीड हजार माणूस एकाच वेळी बाहेर पडे, आणि फाटकासमोर स्टुलावर उभा राहिलेला माणूस दहा मिनिटांत जे बोले ते रात्रीपर्यंत परदेशीपुरा, पाटनीपुरा, नंदानगर अशा सगळ्या श्रमिक भागात पोहोचे. वडील स्वतः लाल झेंडेवाले नव्हते. हातात टिफिन घेऊन ते कडेला उभे राहत आणि 'ऐकून तर घेऊ' म्हणत. डाव्या पक्षाचे सभासद या फाटकावर तयार होत असत. त्यासाठी वेगळी मोहीम लागत नसे.

पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या. हुकूमचंद मिल डिसेंबर 1991 मध्ये बंद झाली, आणि तिच्या 5,895 कामगारांच्या देण्यांपोटी सुमारे 224 कोटी रुपये 2023 च्या डिसेंबरमध्ये वाटले जाऊ लागले, म्हणजे 32 वर्षांनी. तोवर कित्येक कामगार गेलेले होते आणि पैसे वारसांच्या हाती आले. गिरण्या गेल्या तरी त्यांच्या नावाच्या झाँक्या, म्हणजे मिरवणुकीतले सजवलेले देखावे, अनंत चतुर्दशीच्या रात्री अजून निघतात. वर्गणी जमते, रोषणाई होते, शहर रात्रभर जागे राहते. एकत्र येण्याची सवय माणसांनी सोडली नाही, असा याचा अर्थ मी लावते. सुटले ते फाटक. जुने डावे पक्ष त्या फाटकाभोवती वाढले होते, आणि ज्यांचे काम पाच घरांत, तीन गोदामांत किंवा मोबाइलवर येणाऱ्या ऑर्डरींत विखुरलेले आहे, त्यांच्याशी कुठे उभे राहून बोलावे हे त्यांना उमगले नाही. हे मी दोष म्हणून लिहीत नाही, कारण आम्हालाही ते उमगले नाही. नवा पक्ष काढणारे बरेच जण, त्यांना स्वतःला जाणवो न जाणवो, नवे फाटक शोधत असतात.

या शोधाला आमच्या बाजूला परंपरा आहे. छत्तीसगढ तेव्हा मध्य प्रदेशातच होते. दल्ली-राजहराच्या खाणकामगारांनी कामगार नेते शंकर गुहा नियोगींबरोबर युनियन बांधली, 1983 मध्ये स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून शहीद हॉस्पिटल उभे केले, आणि 1985 मध्ये त्याच चळवळीतून उभ्या राहिलेल्या छत्तीसगढ मुक्ती मोर्चाचे जनकलाल ठाकूर आमदार म्हणून निवडून आणले. समाजवादी नेते किशन पटनाईक यांच्या पुढाकाराने 1995 मध्ये ठाण्यात समाजवादी जन परिषद स्थापन झाली, ती आंदोलनांनी निवडणुकीपासून पळू नये या विचारातूनच. तिचे एक मोठे ठिकाण आमच्या राज्यात इटारसीजवळचे केसला होते. तवा धरणाने विस्थापित झालेल्या आदिवासींनी तिथे लढून जलाशयातल्या मासेमारीचा हक्क 1996 मध्ये आपल्या सहकारी संघासाठी मिळवला आणि दहा वर्षे तो उत्तम चालवला. 2006 नंतर सरकारने पट्टा वाढवून दिला नाही. दहा वर्षांचे चोख काम एका न झालेल्या सहीने थांबते, हे ज्याने पाहिले त्याला ती सही करणारी खुर्ची कोणाची, हा प्रश्न टाळता येत नाही. परिषदेलाही ती खुर्ची मिळाली नाही, हे अर्थात खरेच.

परदेशांतही फार वेगळे घडलेले नाही. जर्मनीत सोशल डेमोक्रॅट सरकारने बेकारभत्ता आणि मदत यांच्यावर कात्री चालवली, तेव्हा त्याच पक्षाचे मधल्या फळीतले कामगार कार्यकर्ते बाहेर पडले, आणि त्यांचा गट पूर्वेकडच्या जुन्या समाजवाद्यांत मिसळून 2007 मध्ये 'डी लिंके' (म्हणजे 'डावे') हा पक्ष तयार झाला. ब्रिटनमध्ये 2025 च्या जुलैमध्ये मजूर पक्षाचे एकेकाळचे नेते जेरेमी कॉर्बिन आणि त्याच पक्षातून बाहेर पडलेल्या खासदार झारा सुलताना यांनी नव्या पक्षाची हाक दिली तेव्हा काही आठवड्यांत सहा लाखांहून अधिक लोकांनी नावे नोंदवली. सप्टेंबरात सभासद नोंदणीवरून नेत्यांचेच जाहीर भांडण झाले, आणि नोव्हेंबरच्या लिव्हरपूल अधिवेशनापर्यंत वर्गणी भरलेले सभासद 50 हजारांच्या आसपास राहिले. हसू नका, आमचे प्रमाण याहून वाईट होते.

आमच्या प्रमाणाची गोष्ट अशी. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 29-अ प्रमाणे पक्ष स्थापन केल्यापासून 30 दिवसांत निवडणूक आयोगाकडे अर्ज करावा लागतो, 10,000 रुपये शुल्क भरावे लागते आणि किमान 100 सभासदांची प्रतिज्ञापत्रे जोडावी लागतात, की मी मतदार आहे आणि दुसऱ्या कोणत्याही नोंदणीकृत पक्षाचा सभासद नाही. (पक्षाच्या घटनेत समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही या तत्त्वांशी निष्ठा लिहावीच लागते. या देशातला उजव्यातला उजवा पक्षही कागदावर समाजवादाला बांधलेला आहे, हे मला साठाव्या वर्षी कळले आणि त्या दिवशी पोह्यांवर जास्तीची शेव घेतली.) प्रतिज्ञापत्रांसाठी आम्ही दारोदार फिरलो. मोर्चाला दोनशे बायका येतात, पण नोटरीच्या शिक्क्याखाली नाव द्यायचे म्हटले की राज्य सरकारच्या लाडली बहना योजनेचा हप्ता बंद होईल का, नगरसेवकाच्या माणसांना कळेल का, हे प्रश्न येतात, आणि त्यांना खोटा धीर देणे मला जमले नाही. सरकारी नोकरीत असलेल्यांना तर बंदीच आहे.

सर्वांत अवघड प्रकरण निघाले एका म्हाताऱ्या गिरणी कामगाराचे. ते प्रत्येक बैठकीला सर्वांच्या आधी येत, सतरंजी अंथरत, चहाचा हिशेब ठेवत. त्यांच्यापुढे कागद ठेवला तेव्हा त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले जुने पक्षाचे कार्ड काढून टेबलावर ठेवले. त्या पक्षाच्या कार्यालयात ते कित्येक वर्षांत गेले नव्हते. "हे परत करून येतो म्हटलं तर घेणारासुद्धा कोणी तिथं ओळखीचा नाही," एवढेच ते म्हणाले, आणि सही न करता कार्ड पुन्हा गुंडाळून ठेवले. पुढच्या बैठकीला सतरंजी त्यांनीच अंथरली. तिसाव्या दिवशी आमच्याकडे 71 प्रतिज्ञापत्रे होती.

सगळेच हेतू निर्मळ असतात असा माझा दावा नाही. कोणी जुन्या संघटनेत डावलले गेले म्हणून येतो, कोणाला जिल्हा संयोजक हे दोन शब्द नावापुढे हवे असतात, आणि माझ्यासारखीला निवृत्तीनंतरची संध्याकाळ फार लांब वाटत असते. रामबागेतल्या एका माडीवरच्या खोलीत आठवड्यातून एकदा बारा माणसे गोल बसून आपले म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेतात, हे सुख पन्नाशीनंतर दुसरीकडे कुठे मिळते ते मला माहीत नाही. भांडणे झाली, ती नावावरून: तीन बैठका 'समाजवादी' की 'श्रमिक' यात गेल्या. त्याविषयी अधिक लिहीत नाही, कारण आपला भाऊ ज्या पक्षात आहे तिथेही ती सुरू असतील आणि आपण रोज ऐकत असाल.

मतदान पालटेल का, याचे प्रामाणिक उत्तर म्हणजे लवकर नाही. विधानसभेला 10,000 रुपये अनामत भरावी लागते आणि वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा कमी मते पडली की ती जाते. नव्या पक्षाची ती जवळजवळ नेहमीच जाते. भावाने त्यासाठी घरातले दागिने किंवा भविष्यनिर्वाह निधी मोडायला काढला, तर मात्र आपण थोरलेपण वापरून त्याला जरूर अडवावे. वर्गणीतून अनामत जमत नसेल तर उभे राहायची वेळ आलेली नाही, असे मी आमच्या बैठकीतही म्हणत असे आणि ते कोणाला आवडत नसे.

बाकी त्याच्याशी पक्षाच्या भवितव्यावर वाद घालण्यापेक्षा एकदा त्याला एवढेच विचारा, की पहिल्या बैठकीला त्याला कोण घेऊन गेले आणि त्याच्या आधी त्याला कोणी काय विचारले होते. माझी 71 प्रतिज्ञापत्रे कपाटात आहेत. मावशी अजून पोळ्यांना येतात, आणि निवडणूक जाहीर झाली की माझ्याकडे बघून विचारतात, "यंदा तो विवेक उभा हाये का?"