नाव डायरीत राहू दे

चिरंजीव मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मुलींच्या तस्करीच्या ज्या गुन्ह्याचा तपास तुझ्याकडे आहे, त्यात लॉजवरच्या धाडीत सोडवलेल्या तिघींपैकी एकीने जबाबात ज्या माणसाचं नाव घेतलं, ते 'तूर्त राहू दे' असं तुला वरून सांगण्यात आलं. तोंडी. लेखी एक अक्षर नाही. पत्राच्या शेवटी तू विचारतेस, एखाद्या पत्रकाराला सगळं सांगून मोकळी होऊ का?

त्याचं उत्तर देतो. पण आधी थायलंडमधल्या एका अधिकाऱ्याची हकीकत ऐक. तुझ्यासमोर आज जे उभं आहे, ते त्याच्यासमोर कितीतरी मोठ्या आकारात उभं होतं.

मे २०१५. मलेशियाच्या सीमेलगत, सोंगख्ला प्रांतातल्या पादांग बेसारच्या जंगलात तस्करांची एक ओस पडलेली छावणी सापडली आणि तिथल्या जमिनीतून तीसहून अधिक मृतदेह निघाले. म्यानमारमधून पळालेल्या रोहिंग्यांना आणि बांगलादेशी मजुरांना बोटींतून आणायचं, जंगलात डांबायचं, घरच्यांना फोन लावून मारहाणीचे आवाज ऐकवायचे आणि खंडणी मागायची, असा तो धंदा. पैसे आले नाहीत तर माणूस तिथेच संपायचा. त्याच महिन्यात सीमेपलीकडे मलेशियाच्या वांग केलियनजवळ १३९ थडगी सापडली. तपास आला मेजर जनरल पवीन पोंगसिरिन यांच्याकडे.

तपासाचा धागा जंगलात सापडलेला नव्हता, हे मला तुला मुद्दाम सांगायचं आहे. जानेवारीत हुआ साई इथल्या नाकाबंदीत काही गाड्या अडवल्या होत्या आणि त्यांत ९८ रोहिंग्या कोंबलेले निघाले होते. त्या चालकांचे फोन आणि बँकेत पैसे भरल्याच्या नोंदी, एवढ्यावर सगळी साखळी उलगडत गेली. कोणी कोणाला किती वाजता फोन केला, कुठल्या खात्यातून कुठल्या खात्यात रक्कम गेली. ते कागद आधी दलालांपर्यंत पोहोचले, मग पादांग बेसारच्या महापौरापर्यंत, 'को तोंग' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सातून प्रांतातल्या बड्या पुढाऱ्यापर्यंत आणि शेवटी थेट लष्करातल्या लेफ्टनंट जनरल मानस कोंगपानपर्यंत. देशात तेव्हा लष्कराचीच सत्ता होती. तरीही पवीन यांनी दीडशेहून अधिक अटक वॉरंटं मिळवली.

मग तपास आवरता घ्यायला सांगितलं गेलं आणि पवीन यांची बदली झाली, तीही दक्षिणेच्या सीमावर्ती प्रांतांत. ज्यांच्यावर त्यांनी हात टाकला होता, त्यांचं वजन होतं त्याच मुलखात. तिथे जीव वाचणार नाही, असं त्यांनी वरिष्ठांना सांगितलं. उपयोग झाला नाही. राजीनामा दिला आणि २०१५ संपता संपता ऑस्ट्रेलिया गाठून आश्रय मागितला. एवढ्या हुद्द्याचा अधिकारी परक्या देशात कारखान्यातल्या मजुरीवर आला. हा भाग मी तुझ्यापासून लपवणार नाही. खरं बोलणाऱ्याचं भलंच होतं असं तुला सांगणारा माणूस तुझा हितचिंतक नाही.

पण पुढचंही ऐक. जुलै २०१७ मध्ये बँकॉकच्या न्यायालयाने ६२ जणांना दोषी ठरवलं. मानस कोंगपानला २७ वर्षं, को तोंगला ७५ वर्षं. अपिलात जनरलची शिक्षा आणखी वाढली आणि २०२१ मध्ये शिक्षा भोगत असतानाच तो वारला. हा निकाल लागला तेव्हा तपास उभा करणारा माणूस हजारो मैल दूर होता. जनरलला आत घातलं ते त्याने मागे ठेवलेल्या कागदांनी.

तेव्हा, मुली, निकालाच्या दिवशी तू त्या ठाण्यात नसशील असं धरूनच आजपासून तपास कर.

आता तुझ्या प्रकरणाकडे येऊ. सरकारी वकील म्हणून मी अशा खटल्यांत मुली फितूर होताना फार पाहिल्या आहेत, आणि एकीलाही मी दोष देत नाही. गावाकडे बापाला गाठतात, धाकट्या बहिणीचं नाव घेतात, दलाल कोर्टाच्या आवारात समोरच्या बाकावर येऊन बसतो. म्हणून तिचा जबाब भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली मॅजिस्ट्रेटसमोर लवकरात लवकर नोंदवून घे. ती बंगालची आहे म्हणतेस, तर दुभाषी तिची बोली खरंच समजणारी हवी. हॉटेलात काम करणारा, थोडीफार बांगला येणारा पोऱ्या धरून आणू नकोस. उलटतपासणीत बचावाचा वकील पहिला घाव तिथेच घालतो.

लॉजच्या मॅनेजरचा फोन जप्त केला आहेस. पंचनाम्यात त्याचा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, लिहिलास ना? त्यातला डेटा न्यायालयात टिकायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, हॅश व्हॅल्यूसकट, म्हणजे डेटात फेरफार झालेला नाही हे दाखवणाऱ्या आकड्यासकट. या नव्या कायद्यात नमुनाच दिला आहे, तो भर. सीडीआर, म्हणजे फोन कॉलच्या नोंदी, आणि यूपीआयचे व्यवहार आजच लेखी पत्राने मागव. ज्या माणसाचं नाव वगळायला सांगितलं, त्याने स्वतःच्या खात्यातून पैसे घेतले नसतीलच. त्याच्या गाडीचा हप्ता कोण भरतं, कार्यालयाचं भाडं कोणाच्या खात्यातून जातं, तिथे बघ.

तोंडी आदेशाबद्दल. हुज्जत घालू नकोस, आवाज चढवू नकोस. त्याच संध्याकाळी साध्या कागदावर लिही: 'अमुक गुन्ह्याच्या तपासात अमुक इसमाचे नाव वगळण्याबाबत आपण आज तोंडी सूचना दिली. पीडितेच्या जबाबात सदर नाव आले असल्याने याबाबत लेखी आदेश व्हावेत, ही विनंती.' आवक क्रमांक घे, शिक्का घे, प्रत स्वतःजवळ ठेव. बहुतेक वेळा लेखी आदेश येत नाही. केस डायरीत, म्हणजे तपासाच्या रोजच्या नोंदवहीत, मात्र त्या दिवशीची नोंद त्याच दिवशी झाली पाहिजे. डायरीची पानं क्रमवार असावीत असं कायदाच सांगतो, आणि मधलं पान काढणं त्यामुळेच अवघड होतं.

पत्रकाराकडे आज जाऊ नकोस. बातमी आली की आरोपी सावध होतो, फोन पाण्यात जातात, आणि चुकून त्या मुलीची ओळख फुटली तर तो तुझ्याच हातून घडलेला गुन्हा ठरू शकतो. आपल्याकडे जागल्यांना, म्हणजे आतला गैरव्यवहार उघड करणाऱ्यांना, संरक्षण देणारा कायदा २०१४ मध्ये संमत झाला, पण तो अजून अंमलात आलेला नाही. त्याच्या भरवशावर पाऊल टाकू नकोस. तुझा रस्ता कोर्टातून जातो: मॅजिस्ट्रेट, सरकारी वकील, वेळ आली तर उच्च न्यायालय.

एक गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण टाळू नकोस. कॅथरीन बोल्कोव्हॅक ही अमेरिकेतल्या नेब्रास्काची पोलीस. १९९९ मध्ये एका खासगी कंपनीमार्फत ती बोस्नियातल्या आंतरराष्ट्रीय पोलीस दलात गेली. मोल्दोवा, युक्रेन, रोमानियातून आणलेल्या मुली तिथल्या बारमध्ये विकल्या जात होत्या आणि गिऱ्हाइकांत तिचेच सहकारी होते. तिने ते लेखी कळवलं. आधी तिला खालच्या कामावर टाकलं, मग काढून टाकलं. कारण दाखवलं, हजेरीच्या नोंदींत गफलत. ब्रिटनच्या कामगार न्यायाधिकरणात ती लढली आणि २००२ मध्ये जिंकली, कारण तिने कागद जपून ठेवले होते. तेव्हा तुझे प्रवासभत्ते, रजेचे अर्ज, मुद्देमालाची नोंदवही, सगळं स्वच्छ ठेव. मोठ्या गोष्टीवर तुला कोणी पकडणार नाही. पकडतील ते दोनशे रुपयांच्या बिलावर.

घरी सांग. सगळा तपशील नको, पण तुझ्यावर दबाव आहे आणि उद्या बदली येऊ शकते, एवढं आईला आणि नवऱ्याला ठाऊक असू दे. बदली आलीच तर मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, दाद मागता येते, पण त्याला वेळ लागतो. तोवर चार्ज देताना यादी कर: डायरी पान अमुक ते अमुक, सीलबंद फोन एक, मॅजिस्ट्रेटसमोरच्या जबाबाची नोंद, बँकेला पाठवलेली पत्रं. खाली घेणाऱ्याची सही, तारीख, वेळ. सही झाल्याशिवाय खुर्ची सोडू नकोस.

आणि त्या मुलीला भेट. ते नाव सगळ्यात आधी तिने घेतलं, आणि तिच्याकडे ना वर्दी आहे ना पगार. तुला उद्या गडचिरोलीला पाठवतील, तिला त्याच गावात परतायचं आहे. साक्षीदार संरक्षणाची योजना सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मंजूर केली आहे, तिच्यासाठी आजच अर्ज टाक. शेल्टर होममध्ये जाताना साध्या कपड्यांत जा, तिला घरी फोन करायचा आहे का ते विचार, आणि मॅजिस्ट्रेटसमोर काय होणार, दारं बंद असतील की उघडी, तिथे कोण कोण असेल, हे तिला तिच्या भाषेत आधी नीट समजावून सांग. अर्जाचा मसुदा मला पाठव, मी बघून देतो.

तुझा,
सर