बोका आठवड्यातून दोनदा केस ओकतोय, तिसरी पेस्ट आणायच्या आधी हे वाचा

तुम्ही लिहिलंय की पर्शियन बोका आहे, तीन वर्षांचा, मार्चपासून आठवड्यातून दोनदा तरी केसांची उलटी काढतो, कधीकधी नुसतीच उबळ येते आणि पडत काहीच नाही, पोटातले केस सरकवायच्या दोन पेस्ट करून झाल्या, सासूबाई म्हणतायत तूप चाटव, तर आता कुठली पेस्ट आणू? माझं सरळ म्हणणं आहे की आत्ता कुठलीच आणू नका. आमच्या घरात गेली १४ वर्षं मांजरं आहेत, त्यातली दोन लांब केसांची, आणि एकीच्या बाबतीत मी याच पेस्टच्या नादात चार महिने घालवले, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

आधी हे होतं का ते बघू. मांजराच्या जिभेवर घशाच्या दिशेने वळलेले बारीक काटे असतात, आपली नखं ज्या केराटिनची तेच ते. अंग चाटताना सुटलेला केस त्यात अडकतो, तो थुंकता येत नाही, गिळावाच लागतो, आणि केस काही पचत नाही. बरेचसे शीतून निघून जातात, उरलेले पोटात गुंतत बसतात आणि एक दिवस उलटीतून येतात. गोळा म्हणतो आपण पण तो अन्ननलिकेतून पिळून येतो त्यामुळे बोटासारखा लांबट असतो, पहिल्यांदा बघणाऱ्याला शीच वाटते. लांब केसांच्या मांजराने महिन्यातून एखादा काढला आणि लगेच वाटीपाशी येऊन बसलं तर मी काहीही करत नाही. पण आठवड्यातून दोनदा, तेही महिनोन्‌महिने, म्हणजे एकतर केस फार गिळले जातायत नाहीतर पोट ते पुढे ढकलत नाहीये, आणि या दोन्हीचं कारण शोधावं लागतं.

मला जास्त काळजी वाटली ती 'काही पडत नाही' या वाक्याची. आमची चिंगी अशीच करायची. जमिनीला चिकटून बसायची, मान पुढे सरळ ताणायची, खरखर करत आठदहा वेळा खोकायची, शेवटी काहीतरी गिळल्यासारखं करायची आणि उठून जायची. मी समजायचे गोळा घशाशी आलाय, बाहेर येत नाहीये, की लगेच पंजाला पेस्ट लाव. चार महिन्यांनी एकदा मोबाईलवर व्हिडिओ काढून व्हेटला, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवला, त्यांनी तो दोनदा बघितला आणि म्हणाले हिचं पोट बघा, हलतच नाहीये, ही उलटी नाही, खोकला आहे. छातीचा एक्सरे काढला तर दमा निघाला. मांजराला दमा होतो हेच मला माहीत नव्हतं. नंतर मास्कवाल्या स्पेसरने (इनहेलरला जोडायची नळी) इनहेलर द्यायला शिकलो, घरातली उदबत्ती आणि डासांची कॉइल बंद केली, धुरळा उडणारी लिटर (शी-शूच्या ट्रेमधली वाळू) बदलली, आणि तिचा 'हेअरबॉल' थांबला. तेव्हा तुम्ही पुढच्या उबळीला बोक्याजवळ धावू नका, व्हिडिओ काढा. उलटी असेल तर पोट आणि बरगड्या जोरात आतबाहेर होतील आणि शेवटी फेस, पाणी, केस असं काहीतरी पडेल. पोट शांत आणि मान ताणलेली असेल तर तो व्हिडिओ घेऊन सरळ व्हेटकडे.

उलटीच आहे असं ठरलं तर पुढचा प्रश्न, तो एवढं चाटतोय का. उन्हाळा लागला की केस गळतात हे आहेच, पण फ्लॅटमध्ये दिवसरात्र दिवे चालू असलेल्या घरात मांजरं वर्षभर केस गाळतात, त्यामुळे एकट्या मार्चवर ढकलू नका. पिसवा बघा. शेपटीच्या मुळाशी केस बाजूला करून काळे बारीक कण दिसले तर ओल्या टिशूवर ठेवा, लालसर डाग पसरला की समजायचं पिसवांची विष्ठा आहे. मग व्हेटकडून मांजराचाच स्पॉट-ऑन (कातडीवर टाकायचं थेंबांचं औषध) घ्या, कुत्र्यासाठी आणलेला उरलाय म्हणून घालू नका, त्यात बऱ्याचदा परमेथ्रिन असतं, ते मांजराच्या जिवावर बेततं. पिसवा नसतील तर त्वचेची ॲलर्जी, घरातला ताण, किंवा आतड्याची जुनी सूज असू शकते, आणि हे घरी बसून कळत नाही.

आता खरा उपाय म्हणजे कंगवा, कारण जो केस कंगव्यात आला तो पोटात जात नाही. पर्शियनला वरवरचा मऊ ब्रश काही कामाचा नाही, वरचे केस चमकतात आणि खालची लव तशीच राहते. स्टीलचा, एका बाजूला विरळ आणि एका बाजूला दाट दात असलेला कंगवा घ्या. आधी विरळ, मुळापर्यंत जाऊन, वाढीच्या दिशेने, मग दाट, आणि शेवटी ओला हात अंगावरून फिरवा, उरलेले सुटे केस हाताला चिकटून येतात. पाठ सगळेच विंचरतात, गुंता असतो तो काखेत, पोटावर आणि मागच्या मांड्यांच्या आतल्या बाजूला. रोज पाचच मिनिटं, तो जेवून सुस्त झालेला असताना, आणि तो वैतागायच्या आत थांबायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी कंगवा दिसला की पलंगाखाली. जट झाली असेल तर कात्री अजिबात लावू नका, कातडी जटेत ओढली गेलेली असते आणि सहज कापली जाते, ट्रिमरने काढून घ्या.

खाण्यात पहिलं म्हणजे पाणी. नुसत्या कोरड्या किबलवरच्या (दाण्यांच्या खाण्यावरच्या) मांजराच्या पोटात एकूण पाणी कमीच जातं, दिवसातलं एक जेवण तरी ओलं करा आणि पाण्याची वाटी जेवणापासून लांब ठेवा. साधा इसबगोल पाव चमचा, तीनचार चमचे पाण्यात पूर्ण फुगू द्यायचा आणि ओल्या खाण्यात कालवायचा, कोरडा कधीच नाही. नाहीतर वाफवलेला लाल भोपळा एक चमचा, मीठमसाला काही नको. कुंडीत गहू पेरून ठेवले तर आमची दोन्ही आवडीने खातात, पण त्याने गोळे कमी होतातच असं मी म्हणणार नाही. तुपाचं म्हणाल तर सासूबाई प्रेमानेच सांगतायत, पण तूप पचतं, केसांपर्यंत वंगण म्हणून पोचतच नाही, जास्त झालं तर जुलाब आणि वजन. पेस्टमधलं पेट्रोलियम जेली पचत नाही म्हणून ते सरकवायला मदत करतं, केसगळतीच्या दिवसांत जेवणापासून लांब थोडंसं द्यायला माझी हरकत नाही. लिक्विड पॅराफिन किंवा एरंडेल मात्र सिरिंजने तोंडात घालू नका, पॅराफिनला चव नसते, ते न खोकता फुप्फुसात उतरतं.

आणि काही गोष्टींना घरगुती उपायच नाही. वारंवार उबळ पण काहीच न पडणं, २४ तास खाणं बंद, शी बंद, पोट फुगलेलं किंवा हात लावू देत नाही, तोंड उघडून श्वास, यातलं एक जरी दिसलं तर त्याच दिवशी व्हेट, रात्र असली तरी. जाड मांजर दोनतीन दिवस उपाशी राहिलं तर लिव्हर बिघडतं, म्हणून 'उद्या बघू' नको. घरात गजऱ्याचा दोरा, राखी, मांजा, शिवणाचा धागा पडलेला असतो, तो गिळला तरी लक्षणं अशीच दिसतात आणि तो आतडं कापत जातो. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, कापू नका, तसंच घेऊन जा.

तुमच्याकडे मार्चपासून चालू आहे म्हणजे व्हेटकडे एकदा जायचंच आहे. जाताना व्हिडिओ, उलटीच्या तारखा आणि सहा महिन्यांपूर्वीचं वजन कुठे लिहिलेलं असेल तर ते घेऊन जा, आणि वजन उतरलंय का ते इथेही सांगा, कारण ते उतरलं असेल तर सोनोग्राफी लगेच करून घ्या, थांबू नका.