छातीवरचा कॅमेरा लावण्याआधी

एखाद्या घरातल्या बाईंचा दिनक्रम अभ्यासायला त्यांचं स्वयंपाकघरातलं काम आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याने टिपायचं तर कॅमेरा त्यांच्या डोक्याला नको, छातीवर लावा. मान वळली की डोक्यावरचं चित्र भिरभिरतं. छातीवरून ओटा आणि दोन्ही हात दिसतात. दोरीने गळ्यात लटकवलात तर बाई वाकल्या की तो झुलतो, आणि नेमके कणीक मळतानाचे फोटो वाया. पट्टाच वापरा, भिंग किंचित खाली. पदर पिन करून घ्यायला सांगा, नाहीतर तासभर नुसतं कापड.

दर 30 सेकंदांना एक फोटो धरला तरी 8 तासांत 960 होतात, दिनक्रमाला पुरे. हातांची लकब हवी असेल तेवढाच व्हिडिओ, उगाच दिवसभराचा नको (बघणार कोण?). सुरुवातीला मोबाइलच्या घड्याळाचा फोटो घ्या, वेळ जुळवायला. नको असलेले फोटो आधी घरच्यांनी पुसायचे, मगच तुम्ही बघायचे.