टीटीओ फॉर्मवर सही करणारे वारले, आता जीप नावावर कशी करायची?

कराडकडच्या एका वाचकांचा प्रश्न आलाय. १९९२ ची महिंद्रा एमएम ५४०, एप्रिल २०१७ मध्ये एका एजंटामार्फत फलटणच्या एका निवृत्त गृहस्थांकडून घेतली, एक लाख साठ हजाराला. आरसी बुक मिळालं, सही केलेले २९ आणि ३० नंबरचे फॉर्म मिळाले (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे, म्हणजेच टीटीओ फॉर्म), तारखेची जागा कोरी. मग पाच वर्षं जीप गॅरेजात खोलून पडलेली, चासीला वेल्डिंग, पाटे नवीन, गिअरबॉक्स, हूड, रंग असं करत साडेचार लाख घातले, आणि ट्रान्सफरचं 'एकदा काम पूर्ण होऊ दे मग करू' म्हणून राहून गेलं. मूळ मालक ऑगस्ट २०२१ मध्ये वारले. २०२२ मध्ये पासिंग संपलं. आता पुण्याचं एक गिऱ्हाईक सात लाखाला तयार आहे, पन्नास हजार टोकन देऊन गेलंय, आणि एजंट म्हणतोय फॉर्मवर २०१७ ची तारीख टाका, पुढचं मी बघतो. विचारलंय की तारीख टाकली तर चालेल का, आणि नाहीतर विंटेजमध्ये रजिस्टर होईल का.

अशी पत्रं मला सारखी येतात, कधी जिप्सी असते, कधी विलीज, कधी लष्कराच्या लिलावातली जोंगा, आणि प्रत्येकाच्या कपाटात एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ते सही केलेले कोरे फॉर्म असतातच. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तारीख टाकू नका. एजंटालाही टाकू देऊ नका, आणि आज घरी गेल्यावर ते फॉर्म त्याच्याकडे असतील तर आधी परत आणा. सही खरी आहे म्हणून सगळं खरं होत नाही. सही करणारा माणूस गेल्यावर त्याच्या कागदात तुम्ही मागची तारीख भरून तो सरकारी ऑफिसात दिला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३३६ आणि ३४० तुमच्यावर लावायला वारसांना फार कष्ट पडणार नाहीत, मृत्यूचा दाखला त्यांच्याकडे आहे आणि आरटीओत अर्ज कधी आला ते कॉम्प्युटरवर दिसतं. आज तुम्ही फक्त निष्काळजी आहात. ती तारीख टाकली की आरोपी व्हाल. एजंट त्या दिवशी फोन उचलणार नाही.

आता मुद्द्याचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५० म्हणतं की विकणाऱ्यानं, राज्यातल्या राज्यात व्यवहार असेल तर, १४ दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत. तुमचे ते तीस दिवस मे २०१७ मध्ये संपले. त्यानंतरही चार वर्षं ते गृहस्थ जिवंत होते, फलटण काही लांब नाही, एक दिवस जाऊन त्यांना आरटीओत घेऊन गेला असतात तर थोड्याशा दंडावर काम झालं असतं. साडेचार लाख घालताना एकदाही वाटलं नाही का की ही गाडी अजून दुसऱ्याच्या नावावर आहे? मला याचा खरंच राग येतो, कारण पाटे कुठले बसवायचे यावर लोक महिनाभर चौकशी करतात आणि ट्रान्सफरला एक दिवस देत नाहीत.

मालक वारल्यावर गोष्ट बदलते. कोरा फॉर्म देणं म्हणजे 'तू माझ्या वतीनं भर' असा अधिकार देणं, आणि करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे असा अधिकार देणारा गेला की संपतो. कलम २०२ मध्ये एक अपवाद आहे, ज्याला अधिकार दिला त्याचं स्वतःचं हित त्यात गुंतलेलं असेल तर तो असा संपत नाही, आणि तुम्ही पूर्ण पैसे दिलेत म्हणजे तुमचं हित आहे असं मी कोर्टात नक्की म्हणेन. पण आरटीओच्या खिडकीवरचा क्लार्क कलम २०२ ऐकायला बसलेला नाही. त्याच्यासमोर रजिस्टर्ड मालक मयत आहे, आणि मयत मालकाच्या गाडीचा रस्ता वारसांच्या सहीतूनच जातो. म्हणजे आधी वारसांनी मृत्यूचा दाखला जोडून फॉर्म ३१, म्हणजे मालक वारल्यावर गाडी वारसांच्या नावावर करायचा अर्ज, भरायचा, आणि मग त्यांच्याकडून २९-३० नव्यानं तुमच्या नावे. दोन पायऱ्या. कुठलं ऑफिस वारस दाखला मागेल, कुठलं प्रतिज्ञापत्रावर भागवेल, गाडी दाखवायला आणायला लावेल का, हे ऑफिसप्रमाणे बदलतं, तिथे जाऊन लेखी विचारा.

तुमच्या पत्रात खाली एक ओळ आहे, तुम्ही ती सहज लिहून गेलात, मला मात्र तीच सगळ्यात महत्त्वाची वाटली. 'एक लाखाचा चेक काकांच्या नावानं दिला, साठ हजार रोख एजंटला.' काका म्हणजे ते फलटणचे मूळ मालक. दादा, तो चेक म्हणजे तुमची अख्खी केस आहे. आरसी बुक हा मालकीचा कागद नाही, ती नोंद आहे. जीप ही हलवता येणारी वस्तू, तिची मालकी १९३० च्या माल विक्री कायद्याप्रमाणे दोघांनी ठरवलं, किंमत दिली, ताबा दिला तेव्हा बदलते. तुम्ही २०१७ मध्ये मालक झालात असं दाखवता येईल, पण कशावर दाखवणार? एजंटाच्या तोंडावर नाही. काकांच्या खात्यात जमा झालेल्या लाखावर. बँका जुनं रेकॉर्ड कायमचं सांभाळत नाहीत, त्यामुळे याच आठवड्यात तुमच्या शाखेत अर्ज करा आणि एप्रिल-मे २०१७ चं स्टेटमेंट बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायद्याखालच्या सर्टिफिकेटसह घ्या, नुसती मोबाईलवरची पीडीएफ नको. गॅरेजची बिलं, स्पेअरची बिलं, तेव्हाचे फोटो, एजंटाशी झालेले मेसेज हे सगळं त्याच्या मागे येईल.

आणि आता ती तारीख जिच्याकडे कुणीच बघत नाही. तुम्ही लिहिलंय की २०२३ च्या दिवाळीत काकांच्या थोरल्या मुलानं व्हॉट्सॲपवर उत्तर दिलं, 'जीप पप्पांच्या नावावर आहे, दीड लाख द्या नाहीतर परत आणून लावा.' तुम्ही चिडून गप्प बसलात. पण कायद्याच्या भाषेत त्या दिवशी तुमचा हक्क पहिल्यांदा नाकारला गेला, आणि लिमिटेशन म्हणजे मुदतीच्या कायद्याच्या परिशिष्टातल्या अनुच्छेद ५८ प्रमाणे 'मी मालक आहे असं जाहीर करा' या दाव्याची तीन वर्षं तिथून मोजली जाण्याचा धोका आहे. दिवाळी १२ नोव्हेंबर २०२३ ला होती. म्हणजे नोव्हेंबर २०२६ च्या आधी एकतर सह्या व्हायला हव्यात किंवा दावा दाखल व्हायला हवा. दाव्यात आरटीओला पार्टी करायचं तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस आधी लागते, ते दोन महिने मुदतीतून वगळून मिळतात हे खरं, पण त्या भरवशावर शेवटच्या आठवड्यात माझ्याकडे येऊ नका, माझ्याकडे असे आलेले लोक मी रडताना पाहिलेत. नंतरच्या तारखेपासून मुदत मोजावी असा वाद घालता येतो, पण तो वाद घालायची वेळच का आणायची.

पण माझं ऐका, दावा हा शेवटचा मार्ग ठेवा. तालुक्याच्या कोर्टात साधं समन्स बजावून यायला महिने जातात, एक वारस पत्ता बदलून बसला की पुन्हा पहिल्यापासून, साध्या दाव्यांनी मुलं शाळेतून कॉलेजात गेलेली मी पाहिलीत आणि मला त्याची चीड आहे. तोपर्यंत तुमची रंगवलेली जीप शेडमध्ये पुन्हा गंजेल.

तेव्हा फलटणला स्वतः जा. एजंटाला नेऊ नका, गावातलं कुणीतरी वडीलधारं न्या. आणि फक्त थोरल्याशी बोलू नका. हिंदू कुटुंब असेल आणि मृत्युपत्र केलेलं नसेल तर १९५६ च्या वारसा कायद्याप्रमाणे बायको, सगळे मुलगे, सगळ्या मुली, आणि काकांची आई हयात असेल तर तीही, हे सगळे वारस आहेत. लोक मुलींना विसरतात, लग्न होऊन गेल्या म्हणून, आणि मग दोन वर्षांनी एका बहिणीचा अर्ज येतो आणि सगळं अडतं. सगळ्यांच्या सह्या. त्या एका कागदावर स्पष्ट लिहून घ्या की वडिलांनी ही जीप, चासी नंबर अमुक, इंजिन नंबर अमुक, एप्रिल २०१७ मध्ये विकली, पूर्ण किंमत मिळाली, ताबा दिला, आमचा काही हक्क नाही, आणि फॉर्म ३१ व पुढच्या ट्रान्सफरला आम्ही सह्या करू. नोटरीसमोर करा.

ते तयार का होतील? कारण ती जीप त्यांच्याही गळ्यात आहे, त्यांना अजून कळलेलं नाही एवढंच. मोटार वाहन कायद्याच्या कलम २(३०) प्रमाणे ज्याच्या नावावर नोंद तो मालक. सुप्रीम कोर्टानं ६ फेब्रुवारी २०१८ ला नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात हेच सांगितलं, गाडी एकाकडून दुसऱ्याकडे विकत गेलेली होती, आरसी मात्र पहिल्याच्याच नावावर, आणि कोर्ट म्हणालं की अपघातात सापडलेल्या कुटुंबानं गाडी कुणी कुणाला विकली याचा माग काढत बसायचं नाही, भरपाई रजिस्टर्ड मालकाची. उद्या या जीपखाली कुणी आलं तर पहिलं समन्स फलटणच्या घरी जाणार, आणि वडिलांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेपर्यंत विषय जाऊ शकतो. हे त्यांना धमकी म्हणून सांगू नका, शांतपणे सांगा, निकाल छापून न्या. आणि थोडे पैसे द्यावे लागले तर द्या. दीड लाख नाही, पण तीस-चाळीस हजारात मिटत असेल तर ते कोर्टाच्या खर्चापेक्षा स्वस्त आहेत. खात्यात द्या, कागदावर लिहून द्या.

पुण्याच्या गिऱ्हाईकाचं टोकन उद्याच्या उद्या परत करा, ट्रान्सफरनंच. 'पेपर क्लियर आहेत' असं तुम्ही त्याला मेसेजमध्ये लिहिलंय आणि ते क्लियर नाहीत हे तुम्हाला माहीत होतं, हे फसवणुकीकडे झुकतं. माल विक्री कायद्याच्या कलम १४ प्रमाणे विकणाऱ्याला विकायचा हक्क आहे हे प्रत्येक विक्रीत गृहीत असतं, तुम्ही लिहा किंवा न लिहा. त्याला खरी परिस्थिती सांगा, गाडी आवडली असेल तर थांबेल. आणि तेच कोरे फॉर्म त्याच्या हातात देऊन मोकळं व्हायचा विचार तर करूच नका, तुमच्यावर जे आलं तेच तुम्ही पुढे ढकलाल.

बाकीचं थोडक्यात. विंटेज नाही होणार. जुलै २०२१ मध्ये आलेले केंद्राचे नियम पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना आहेत, त्यात वीस हजार फी, 'व्हीए' असलेला नंबर, दहा वर्षांची नोंदणी, आणि तीही रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती असल्या कामांपुरतीच, रोज चालवायला नाही. तुमची गाडी चौतीसच्या आसपासची, आणि 'क्लासिक' नावाचा वेगळा प्रकार आपल्या कायद्यात नाही. पासिंगचं नूतनीकरण रजिस्टर्ड मालकानंच मागायचं असतं, त्यामुळे तेही वारसांच्या सह्यांनंतरच, उशिराचे महिन्याला ५०० रुपये मोजून ठेवा आणि तोपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका, गल्लीच्या टोकापर्यंतही नाही.

एक गोष्ट मला तुमच्या पत्रात खटकली. 'प्यूजोचं इंजिन काढून डीआय टाकलंय' असं लिहिलंय. परवानगी घेतली होती का, ते लिहिलेलं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये मूळ नोंदीपेक्षा वेगळी गाडी करायला बंदी आहे, सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये ते कडकपणे सांगितलंय, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद असं आलंय. पासिंगला गाडी नेली की इन्स्पेक्टर इंजिन नंबर बघणारच. जुनं इंजिन गॅरेजमध्ये कुठे पडलंय का ते शोधा, भंगारात दिलं नसेल तर देव पावला, तेच परत बसवणं बहुतेक सगळ्यात सोपं ठरेल. चासीचं वेल्डिंग नंबरच्या जवळ झालं असेल तर आत्ताच नंबर साफ करून त्याचे फोटो काढा आणि पेन्सिलनं ट्रेस घेऊन ठेवा. आरसीवर जुन्या कर्जाचा बोजा दिसतोय का तेही बघा, दिसत असेल तर त्या बँकेची एनओसी वेगळी लागेल.

रविवारी फलटणला जायचं म्हणताय तर त्याआधी शनिवारपर्यंत बँकेत अर्ज द्या, आणि चेकची रक्कम नक्की काकांच्याच खात्यात जमा झाली का, की एजंटानं मधेच दुसऱ्या कुणाच्या खात्यात वटवला, ते मला कळवा. तो काकांच्या खात्यात गेला नसेल तर वर लिहिलेल्यातलं बरंच मला बदलावं लागेल.